कुपाटी दर उन्हाळ्यात बुडातून का फाटते? नाशिकच्या कोरड्या पट्ट्यातल्या बांधासाठी काटेरी झाडांची निवड

जूनमध्ये कुपाटीसाठी, म्हणजे बांधावरच्या जिवंत काटेरी कुंपणासाठी, रोपं आणून लावली की दिवाळीपर्यंत ती हिरवी दिसतात. मार्च लागला की निम्मी वाळतात आणि जी उरतात त्यांच्या बुडातून शेळ्या वाट पाडतात. पुढच्या जूनला पुन्हा तीच खरेदी आणि तेच खड्डे. सिन्नरच्या पूर्व भागात, येवल्यात, चांदवड-नांदगावकडे हे इतकं नेहमीचं झालंय की ‘आपल्या रानात जिवंत कुंपण येतच नाही’ असं म्हणून माणसं कुपाटीचा नाद सोडून देतात. मला हे पटत नाही. ज्या मुरमाड बांधावर बोराटी (रानबोर) कुणी न लावता उगवते आणि पाण्याचा थेंब न मिळता जगते, तिथे कुपाटी येणारच. ती का फसते हे शोधताना शेंड्याकडे पाहून उपयोग नाही. कुंपणाचं खरं काम जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात चालतं. तिथे काटा आणि फांद्यांची जाळी असेल तर चार फुटांच्या कुपाटीवरूनही शेळी माघारी फिरते. तिथे उघडं असेल तर दहा फूट उंच हिरवी भिंत असूनही कळप आत येतो.

आधी मेलेलं रोप उपटून पाहा

नवी रोपं आणण्याआधी वाळलेली पाच-सहा रोपं वेगवेगळ्या ठिकाणांहून मुळासकट काढा. ओढू नका, पहारीने बाजूची माती सैल करून काढा, म्हणजे मुळं तुटत नाहीत. कारण बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

मूळ पिशवीच्या आकारात गोल वळून बसलेलं असेल, तर रोप रोपवाटिकेत फार दिवस राहिलेलं होतं. अशा रोपाचं सोटमूळ खाली जातच नाही. पावसाळाभर वरच्या वीतभर ओलाव्यावर ते मजेत राहतं आणि तो ओलावा आटला की संपतं. पाणी घालून हे दुखणं बरं होत नाही. पुढच्या वेळी पिशवी फाडल्यावर बुडाचं इंचभर वेटोळं धारदार पातीने कापून टाका. त्याहून चांगला उपाय म्हणजे बी थेट बांधावरच टोबणं, म्हणजे एकेका जागी मातीत खोचून पेरणं. त्याबद्दल पुढे सांगतो.

मूळ काळं, मऊ पडलेलं आणि साल बोटाने सुटणारी असेल तर पाणी साचलं होतं. काळ्या रानात हे हमखास घडतं आणि लोक त्याला दुष्काळाचं नाव देतात. रोप सप्टेंबरातच कुजलेलं असतं, फक्त वाळलेलं दिसतं ते जानेवारीत. मुळावर मातीच्या नळ्या आणि आतून पोखरलेलं लाकूड दिसलं तर वाळवी. खड्ड्यात अर्धकच्चं शेणखत किंवा पाचट घातलं की मुरमाड रानात वाळवीला आवतणच मिळतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, आणि सोबत निंबोळी पेंड मिसळली तर बरं.

मूळ ठणठणीत आहे पण खोड खालून कुरतडलंय, असं दिसलं तर सशाचं काम समजा. ससा कोवळी काडी सुरीने कापल्यासारखी तिरकी तोडतो. पानं मात्र आखडलेली, दोरीसारखी पिळलेली असतील आणि तेही एका सलग पट्ट्यात, तर बांधावर मारलेल्या तणनाशकाचा फवारा उडालाय. कांद्याच्या किंवा मक्याच्या कडेने तण मारताना नोझल थोडं वर राहिलं तरी पुरतं. कुपाटी लहान असेपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंना तीन फूट खुरप्यानेच खुरपावं. शेजाऱ्यालाही ही गोष्ट आधी कानावर घालावी.

आणि खिंडारापाशी उकिडवं बसून काट्यांना काय अडकलंय ते बघा. काळे-तपकिरी सरळ केस असले तर शेळी, लोकरीचा पुंजका असला तर मेंढी. राठ केस जमिनीला अगदी लागून असतील आणि माती नाकाने उलथल्यासारखी दिसली तर रानडुक्कर. शेळी मान घालून वाट रुंद करते, मेंढ्या एकीच्या मागे एक घुसतात आणि डुक्कर खालून उकरतो. म्हणून तिघांसाठी झाडही वेगळं लागतं.

एकाच जिल्ह्यात दोन हवामानं

इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि सिन्नर-येवल्याच्या पूर्व भागात जेमतेम पाचशे-सहाशे. एकाच रोपवाटिकेतलं एकच झाड दोन्हीकडे सारखं चालेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. चिलार हे त्याचं ठळक उदाहरण. त्र्यंबक-पेठकडे पिवळ्या तुऱ्यांची, आकडेवजा काट्यांची ही वेल बघता बघता दाट भिंत उभी करते. तीच शिकेकाईचीही गोष्ट, आणि तिच्या शेंगा विकून चार पैसेही होतात. पण नांदगावच्या माळावर या दोघींकडून तशी वाढ मिळत नाही.

निवड करायची माझी पद्धत साधी आहे. आपल्या गावाजवळची अशी टेकडी शोधा जिथे बारा महिने शेळ्या चरतात. मे महिन्यात तिथे जा. गवत संपलेलं, बाकी सगळं खाऊन झालेलं, आणि तरी जी झुडपं हिरवी उभी असतील ती लिहून घ्या. हेकळ, करवंद, बोराटी, थोर, कुठे घायपात. ही यादी तुमच्या मातीने आणि तुमच्याच गावच्या शेळ्यांनी तयार केलेली असते. रोपवाटिकेत जे दाखवतील त्यापेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

मुरमाड, उताराचा बांध असेल तर

इथे पहिली पसंती करवंदाची. डोंगरची काळी मैना म्हणून आपण ती उन्हाळ्यात द्रोणातून खातो, पण तिचे जोडीने येणारे टणक काटे, बारमाही पानं आणि चीक हे कुंपणाला हवे ते सगळे गुण आहेत. दोष एकच, पहिली दोन वर्षं ती जागची हलत नाही. लोक तिथेच धीर सोडतात. तिसऱ्या पावसाळ्यापासून फुटवे धरते आणि मग कोयत्याशिवाय आवरत नाही. बियांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: करवंदाचं बी फार दिवस टिकत नाही. मे-जूनमध्ये पूर्ण पिकलेली फळं घ्या, गर धुऊन काढा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा. पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवलेलं बी उगवत नाही. फळांचं उत्पन्नही हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात आहे. मात्र अख्ख्या हद्दीसाठी कलमं घेण्याची गरज नाही, गावठी बियांची कुपाटीच जास्त काटक.

करवंदाच्या जोडीला बाहेरच्या अंगाने घायपात लावा. घायपात विकत आणायचीही गरज नसते. जुन्या झाडाच्या बुडाशी आलेली पिल्लं पहारीने सुटी करून लावली की झालं. फुलाच्या उंच दांड्यावर धरणारी लहान रोपंही चालतात. पण दोन प्रकार नीट ओळखून घ्या. एकाच्या पात्याच्या कडा गुळगुळीत असतात आणि काटा फक्त टोकाला, तो वाखासाठी. दुसऱ्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. बांधासाठी हा दुसरा. दोन ओळी, नागमोडी, झाडात दोन ते अडीच फूट अंतर. घायपातीचं झाड एकदाच फुलतं आणि मग मरतं, त्यामुळे दांडा वर निघालेला दिसला की शेजारचं पिल्लू त्या जागेसाठी राखून ठेवायचं. पायवाटेकडच्या पात्यांची टोकं कापावीत. लहान मुलाच्या आणि वासराच्या डोळ्याच्या उंचीवर येणारी ती टोकं खरोखर घातक असतात.

थोर आणि त्रिधारी निवडुंग हे अगदी खडकाळ, माती नसल्यासारख्या जागेसाठी. फांदी कापून सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवायची, कापलेल्या तोंडावरचा चीक पूर्ण सुकू द्यायचा आणि मग लावायची. ओलं तोंड मातीत गेलं की कुजलंच म्हणून समजा. शेळी याला तोंड लावत नाही. शेर हा बिनकाट्याचा, पण चिकाच्या धाकाने तोही काम करतो. मात्र या सगळ्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. छाटणी करताना चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावाच. गेलाच डोळ्यात, तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरांकडे जा. घरात लहान मुलं बांधाशी खेळत असतील तर मी ही झाडं तिथे लावणार नाही.

काळ्या रानात

काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि कोवळी मुळं अक्षरशः तोडते. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन श्वास कोंडते. इथे करवंद आणि घायपात सपाटीवर लावली तर जातात. आधी वरंबा करायचा: दोन्ही बाजूंची माती ओढून फूट-सव्वा फूट उंच आणि तीन फूट रुंद. बाहेरच्या अंगाला चारी ठेवली की पाणीही वाहून जातं आणि डुकरालाही थोडी आडकाठी होते.

काळ्या रानात माझा कल बोर, हिंगण आणि विलायती चिंच या तिघांकडे आहे. हिंगण, म्हणजे हिंगणबेट, आपल्याकडे दुर्लक्षित राहिलंय. हिरवे, लांब, सरळ काटे. चिकण मातीतही तग धरणारं मूळ. आणि दुष्काळाची पर्वा नाही. वाढ हळू, पण एकदा बसलं की पिढीभराचं काम. बोराटी रानात असेलच, ती उपटून टाकण्याऐवजी रांगेत असलेली तेवढी राखा. तिचा एक काटा सरळ आणि एक उलटा वळलेला असतो, त्यामुळे आत शिरलेलं जनावर मागेही सरकू शकत नाही. पाने मात्र उन्हाळ्यात झडतात, तेव्हा आडोसा हवा असेल तर नुसत्या बोरीवर भागत नाही.

विलायती चिंच सगळ्यांत लवकर तयार होते. ताजं बी ओल मिळताच दोन-तीन दिवसांत वर येतं, कितीही छाटा, फुटत राहतं. पण तिचा पाला शेळ्यांचा आवडता आहे. पहिली दोन वर्षं राखण नसेल तर ती लावूच नका. आणि बी ज्या झाडाचं घ्याल त्याच्या फांद्या आधी हाताळून पाहा. काही झाडं जवळजवळ बिनकाट्याची असतात. त्यांचं बी पेरलं तर कुंपणाऐवजी चारा होईल.

रानडुकराचा त्रास असेल तर सागरगोटा. त्याच्या फांद्यांना, पानांच्या देठांना, अगदी शेंगांनाही काटे असतात आणि ते जमिनीलगत पसरतं. त्याचं राखाडी बी इतकं कठीण की नुसतं पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहील. कानशीने एका बाजूला घासा, आतला पांढुरका भाग दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात ठेवा. जे फुगतील तेच पेरा, बाकीचे परत घासा. वाढीला आधार लागतो आणि हात-पाय फार पसरतो, म्हणून आतल्या बाजूने वर्षातून दोनदा कापावंच लागतं. इतकं करूनही डुक्कर पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही. रोही (नीलगाय) आणि बिबट्या यांच्यासाठी तर जिवंत कुंपण हा उपायच नाही. रोही उडी मारतो, आणि बिबट्यासाठी गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असावा लागतो.

फड्या निवडुंग पांढरा पडून का बसतो

‘आजोबांच्या वेळी सगळीकडे फड्या होता, आता लावला तरी टिकत नाही,’ हे पुष्कळ जण सांगतात. फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, पानं सुरकुततात आणि वर्ष-दोन वर्षांत अख्खी रांग झोपते. लोक बुरशी समजून औषध मारत राहतात. एक पांढरा पुंजका काडीने उचलून कागदावर चिरडून पाहा. गडद लाल रंग उमटला तर तो कोचिनील किडा आहे. हा किडा मुद्दाम आणलेला आहे. फड्या निवडुंगाने दख्खन आणि दक्षिण भारतातली पडीक रानं इतकी गिळली होती की १९२६ मध्ये श्रीलंकेतून हा किडा आणून त्यावर सोडला गेला आणि त्याने ते निवडुंग आटोक्यात आणलं. तो अजूनही आपल्या रानात आहे. म्हणून सलग हद्दीसाठी फड्यावर विसंबू नका. असलेली रांग वाचवायची तर लागण झालेली पानं तोडून पुरून टाका आणि उरलेल्यांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारा. सध्या चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग लावतात, तोही कुंपणाला चालणार नाही. तो तर जनावरांनी खावा म्हणूनच असतो.

काय लावू नये

वेडी बाभूळ फुकट मिळते, लवकर वाढते, काटेही भरपूर. तरी लावू नका. शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी शिवारभर पसरतं. पाच वर्षांनी तिला काढायला जेसीबी लागतो. घाणेरीही तशीच, शिवाय ती खाल्ली तर जनावरांचं यकृत बिघडतं. खैर काटेरी आणि काटक आहे, पण तो महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतो. पुढे तोडताना परवानगी काढावी लागणार हे समजूनच लावावा.

द्राक्षबागेच्या कडेला जास्वंदीची कुपाटी नको. द्राक्षाला त्रास देणारा गुलाबी पिठ्या ढेकूण जास्वंदीवर मजेत राहतो आणि तिथून बागेत येतो. डाळिंबवाल्यांनी आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवावा. कुपाटी दाट झाली की तिच्यावर गुळवेल आणि वासनवेल चढतात. डाळिंबाला रात्री टोचून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. सटाणा-देवळ्याकडे मृग बहार धरणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये कुपाटीतून या वेली मुळासकट उपटून काढाव्यात. औषधासाठी गुळवेल हवीच असेल तर बागेपासून लांब, घराशी एक ठेवावी. पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल दिसली तर हात आखडू नका. ती ज्या फांद्यांवर आहे त्या फांद्यांसकट कापून, तिला फुलं येण्याआधी जाळून टाका. एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते.

लावण आणि पहिले दोन उन्हाळे

एक एकर चौकोनी वावराचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. दीड फुटावर एक झाड धरलं तर एका ओळीला साधारण ५५५ आणि दोन ओळींना ११०० च्या वर झाडं लागतात. एवढी रोपं विकत घ्यायची तर खर्च डोळ्यात भरतो. म्हणूनच बी टोबणं बरं. मे महिन्यात दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून ठेवा. उन्हात तापू द्या. वरची माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा. मुरूम असेल तर तळ्यातला गाळ घाला. चांगला पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की फूटभर अंतराच्या दोन ओळींत, दीड-दीड फुटावर, नागमोडी टोबा. एका जागी दोन-तीन बिया. पहिल्या वळवावर घाई करू नका. वळवानंतर जी उघडीप पडते तिच्यात उगवलेलं सगळं होरपळतं.

राखणीसाठी नवी तार घेण्याआधी चौकशी करा. आपल्याकडे द्राक्षबाग निघाली की अँगल आणि तारांचे ढीग भंगारात जातात. दोन-तीन वर्षांपुरती दोन तारा आणि त्यांना बांधलेल्या बोराटीच्या काट्या इतकं पुरतं. जुन्या ठिबकच्या नळ्याही पाणी द्यायला कामी येतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झाडाला चार-पाच लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, तिसऱ्यापासून बंद. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि ठिबक बंद केल्यावर झाड बसतं. घायपात, थोर, निवडुंग यांना ठिबक लावूच नका.

छाटणी, जिथे बहुतेकांचा हात अडतो

झाडं जगली, वाढली, आणि तरी बुड उघडं राहिलं, ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: पहिली छाटणी कधी केली? उत्तर बहुतेक वेळा ‘अजून केली नाही, म्हटलं जरा मोठी होऊ द्यावी’ असं असतं. आपल्याच जिल्ह्यातला शेतकरी एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची खरड छाटणी करताना डोळा ठेवून सगळं उतरवतो, पण दीड फुटाच्या करवंदाला कात्री लावताना त्याचा जीव कासावीस होतो. न कापलेलं झाड सरळ वर जातं, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या झडतात आणि तिथे कायमचं भोक पडतं. एकदा जून झालेल्या खोडाला जमिनीलगत फांद्या आणणं कठीण.

झाड दीड फुटाचं झालं की नऊ इंचांवर कापा. त्याखालून तीन-चार फुटवे येतील. ते फूटभर वाढले की अर्धे कापा. असं करत करत दोन वर्षांत ते गुडघ्याएवढं, पण हात न घालता येण्याइतकं दाट व्हायला हवं. उंचीची घाई त्यानंतर. कापायची वेळ पावसाची: एकदा जूनअखेरीस आणि एकदा सप्टेंबरात. फेब्रुवारी ते मे कोयता लावू नका. आकार बुडाशी रुंद आणि माथ्याला निमुळता ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांवर ऊन पडतं. उलट आकार झाला की बुड विरळ होणारच. लांब गेलेल्या लवचिक फांद्या कापण्याऐवजी आडव्या वाकवून शेजारच्या खोडात गुंफा. त्यांच्या प्रत्येक डोळ्यातून उभा फुटवा निघतो आणि जाळी तयार होते.

नाशिक शहरातल्या प्लॉटला हेच तत्त्व बोगनवेलीवर वापरता येतं. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व काड्या पावसाळ्यात लावा, दोन फुटांवर, आणि फांद्या आडव्या गुंफत न्या. पाणी कमी दिलं तर फुलं जास्त येतात. रस्त्याकडे आलेल्या काटेरी फांद्या मात्र वेळच्या वेळी काढा. जाणाऱ्या-येणाऱ्याला ओरखडा बसता कामा नये. काटा कमी चालत असेल तर मेहंदी. कंपाऊंडच्या पायाजवळ किंवा पाण्याच्या टाकीशेजारी विलायती चिंच लावणं टाळा.

हद्दीचा प्रश्न लावणीच्या आधी

बांधाच्या मधोमध लावलेली कुपाटी दहा वर्षांनी भांडणाचं मूळ होते. हद्दीबद्दल थोडीही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, खुणा पक्क्या करा आणि निदान तीन फूट आपल्या बाजूला आत लावा. मुळं आणि सावली शेजाऱ्याच्या कांद्यावर जाऊ नये याची काळजी आपणच घ्यायची. कुपाटीपासून चार फुटांवर दर दोन वर्षांनी नांगराचं एक खोल तास मारलं की पिकाकडे गेलेली मुळं तुटतात. बांधावरून कुणाची वहिवाट असेल तर ती काट्यांनी बंद करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरच्या रस्त्याचा हक्क तहसीलदार ठरवून देऊ शकतात, आणि मग वाढलेली कुपाटी तोडावी लागते.

जुन्या कुपाटीला पडलेलं खिंडार

आधीच दहा-पंधरा वर्षांची कुपाटी आहे आणि मध्येच भोकं पडलीत, तर त्या भोकात नवं रोप लावून उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंच्या मोठ्या मुळांपुढे त्याचं काही चालत नाही. शेजारची झाडं बोर किंवा विलायती चिंच असतील तर पाऊस सुरू होताच ती फूटभर उंचीवर सरळ कापा. बुंध्यातून फुटवे येतील आणि त्यातले खिंडाराकडचे दोन आडवे वाकवून तारेने बांधा. करवंद किंवा बोगनवेल असेल तर जवळची खालची फांदी वाकवून, खालच्या अंगाची साल इंचभर सोलून, वीतभर मातीखाली दाबा आणि वर दगड ठेवा. मोठ्या झाडाच्या जिवावर ती मुळं धरते, पावसाळा संपेपर्यंत तिला हात लावू नका आणि पुढच्या जूनपर्यंत मूळ फांदीपासून तोडू नका. अगदी रुंद खिंडार असेल तर दोन्ही बाजूंना पहारीने दीड फूट खोल चर मारून जुनी मुळं तोडा आणि मध्ये दातेरी घायपातीची तीन-चार मोठी पिल्लं बसवा. तोवर बोराटीच्या वाळल्या काट्या खिंडारात घट्ट ठोका, बुंधा आत आणि शेंडा बाहेर, म्हणजे कळपाची त्या वाटेची सवय मोडते. मेंढ्यांना वाट आठवते, आणि एक हंगाम ती बंद मिळाली की त्या दुसरीकडून जायला लागतात.